छावणीतील जीपगाड्यांचे दिवे

छत्रपती संभाजीनगरच्या पश्चिमेस, खाम नदीपलीकडे वसलेल्या छावणीचा इतिहास आजवर बहुधा पलटणींच्या अंगानेच लिहिला गेला आहे. निजामाच्या खर्चाने आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकुमतीखाली चालणाऱ्या हैदराबाद कंटिंजंट या फौजेचे हे ठाणे होते. 1857 च्या जूनमध्ये येथील घोडदळाने उठाव केला, 1903 साली ती फौज ब्रिटिश हिंदी सैन्यात मिसळली गेली आणि सप्टेंबर 1948 मध्ये भारतीय सैन्य शहरात आले. घोड्यांची जागा मोटारींनी घेतल्यानंतरचा इतिहास मात्र पलटणींच्या दप्तरापेक्षा गाड्यांच्या सुट्या भागांत अधिक सापडतो, आणि त्यातही पुढच्या दिव्याकडे अभ्यासकांचे लक्ष जायला हवे, कारण लष्कराची निकड, सरकारी खात्यांची वहिवाट आणि मिस्त्रीचे कसब या तिन्हींच्या खुणा त्या एका भागावर उमटल्या आहेत.

छावणीत वापरल्या गेलेल्या जीपसारख्या, चारही चाकांना इंजिनाची ताकद पोचवणाऱ्या गाड्यांच्या घराण्याची मूळ गाडी म्हणजे दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकन विलिस एमबी जीप. तिचे दिवे पुढच्या जाळीच्या आत बिजागरीवर बसवलेले असत, त्यामुळे नट सैल करून दिवा मागे उलटवला की इंजिनावर उजेड पडे आणि अंधारातही दुरुस्ती करता येई. हे दिवे ‘सील बीम’ प्रकारचे होते, म्हणजे प्रकाश देणारी तार, तो पुढे फेकणारा चकचकीत परावर्तक आणि पुढची काच हे तिन्ही एकाच हवाबंद घटकात जोडलेले असत. धूळ-पाणी आत शिरत नसल्याने परावर्तक काळवंडत नसे. मात्र तार तुटली की अख्खा दिवा बदलावा लागे. 1945 मध्ये नागरी वापरासाठी सीजे-2ए ही जीप निघाली तेव्हा दिवे मोठे होऊन जाळीच्या बाहेरच्या अंगाला आले, आणि जाळीतील उभ्या खाचा 9 वरून 7 झाल्या. तेव्हा रूढ असलेला 7 इंची, म्हणजे सुमारे 178 मिलिमीटर व्यासाचा गोल दिवा हेच पुढे कित्येक दशके या गाड्यांचे माप ठरले.

महिंद्रांनी 1947 पासून मुंबईत विलिस जीप जुळवायला सुरुवात केली आणि पुढे परवान्याखाली भारतातच तिचे उत्पादन केले. मराठवाड्याच्या खेड्यांना ही गाडी पोलीस ठाण्याची, पाटबंधारे खात्याची आणि 1962 साली जिल्हा परिषदा आल्यावर गटविकास अधिकाऱ्याची म्हणून परिचित झाली. लष्करात जबलपूरच्या कारखान्यात निसान पॅट्रोल या गाडीच्या आधारे 1969 पासून बनलेली जोंगा आली, नंतर मारुती जिप्सी आली. सेवेतून काढलेली लष्करी वाहने लिलावाने विकली जातात. अशा ‘डिस्पोजल’च्या गाड्यांनी या जातीच्या वाहनांना दुसरे आयुष्य मिळवून दिले.

या दुसऱ्या आयुष्यात दिव्याची देखभाल म्हणजे मुख्यतः विजेच्या वाटेची देखभाल होय. जुन्या गाडीचा उजेड पिवळट पडला की दोष बल्बवर ढकलला जातो. प्रत्यक्षात बारीक झालेल्या तारा, गंजलेली अर्थिंग आणि जळकट स्विच यांत व्होल्टेज वाटेतच गळत असते. दिव्यापाशी व्होल्टेज 10 टक्क्यांनी घटले तर प्रकाश जवळजवळ 30 टक्क्यांनी कमी होतो, हे ध्यानात घेतले की मिस्त्री आधी सांध्यांवरचा गंज का खरवडतो ते कळते. मूळ विलिसची वीजयंत्रणा 6 व्होल्टची होती. तितक्याच वॅटला 12 व्होल्टच्या दुप्पट प्रवाह लागत असल्याने तिथे खराब सांधा अधिकच महागात पडे. पुढे 60/55 वॅटचा ‘एच4’ हॅलोजन बल्ब आला. प्रखर व मंद अशा दोन तारा त्यात असतात, आणि प्रखर तार पेटली की दोन्ही बाजूंचे दिवे मिळून सुमारे 10 अँपियरचा भार जुन्या स्विचवर पडू लागला. त्यावरचा उपाय म्हणजे रिले, अर्थात लहान प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा विद्युत-चुंबकी स्विच. तो बसवला की दिव्याला बॅटरीकडून जवळच्या वाटेने वीज मिळते. सील बीम काढून त्याच रिंगमध्ये, त्याच तीन टोकांच्या प्लगवर एच4 चा दिवा बसतो, आणि एकाच मापाला चिकटून राहण्याचे हे मोल जुन्या गाड्यांच्या हिशेबात फार मोठे आहे.

दिवा बसवण्याइतकेच त्याचा फोकस लावणे महत्त्वाचे असते. गाडी सपाट जागी भिंतीसमोर उभी करून वरच्या स्क्रूने झोत खाली-वर आणि बाजूच्या स्क्रूने डावी-उजवीकडे नेला जातो. डिपरच्या, म्हणजे मंद, झोताचा वरचा काठ दर 10 मीटरला सुमारे 10 सेंटिमीटर उतरावा, असे प्रमाण सामान्यतः धरतात. भारतात वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालत असल्यामुळे असमान झोताच्या दिव्यात उजेड डाव्या कडेला अधिक लांब पडावा लागतो. उजवीकडून चालणाऱ्या देशासाठी घडवलेली काच येथे बसवली की तोच लांब झोत समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. छावणीवरून नगर नाका, मिटमिटा या मार्गाने दौलताबादच्या घाटाकडे जाणाऱ्या वळणांवर हा दोष जिवावर बेतू शकतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मध्ये दिव्यापासून 8 मीटर अंतरावरील माणसाचे डोळे दिपू नयेत, अशी अट त्यासाठीच घातलेली आहे. दिव्याच्या काचेच्या मधोमध काळ्या रंगाचा ठिपका देण्याची किंवा वरचा भाग रंगवण्याची एके काळची सर्रास रीतही याच चिंतेतून आली होती.

औद्योगिक इतिहासात या शहराचे दिव्यांशी असलेले नाते याहून व्यापक आहे. शहरालगतच्या वाळूजमध्ये 1990 साली उत्पादन सुरू करणाऱ्या वॅरॉक समूहाने 2012 मध्ये अमेरिकेच्या व्हिस्टिऑनचा जगभर पसरलेला वाहनदिव्यांचा व्यवसाय विकत घेतला आणि 2022 मध्ये त्याचा युरोप-अमेरिकेतील भाग फ्रान्सच्या प्लास्टिक ओम्नियमला विकला. नव्या गाड्यांचे दिवे प्रत्येक मॉडेलसाठी वेगळे घडतात, त्यामुळे ते फुटले तर त्याच मॉडेलचा दिवा शोधण्यावाचून गत्यंतर नसते. जुन्या जीपच्या मालकांत हल्ली एच4 च्या जागी एलईडी बल्ब खोचण्याची हौस दिसते, ती मात्र चिंताजनक आहे. एच4 च्या परावर्तकाचा आकार तारेच्या नेमक्या जागेवर बेतलेला असतो आणि मंद तारेखाली झोताला मर्यादा घालणारी छोटी धातूची वाटी असते. प्रकाशाचा उगम थोडा जरी सरकला तरी झोत विस्कटतो. एलईडी हवाच असेल, तर परावर्तक, काच आणि प्रकाशस्रोत एकमेकांसाठीच घडवलेला, डाव्या बाजूच्या वाहतुकीचा संपूर्ण 7 इंची दिवा घेऊन त्याचा फोकस पुन्हा भिंतीसमोर लावून घ्यावा.