शोभिवंत मत्स्यपालन : नवीन टाकीची तयारी आणि जुन्या टाकीतील मासे हलवण्याची पद्धत

घरामागच्या शेडमध्ये काचेच्या आठ-दहा टाक्या लावून गप्पी, मॉली, गोल्डफिश, एंजल अशा माशांचे संगोपन करणाऱ्यांची एक तक्रार नेहमीची आहे. नवीन टाकी आणली, स्वच्छ धुतली, पाणी भरले आणि दुसऱ्या दिवशी जुन्या टाकीतले मासे तिच्यात सोडले. चार-पाच दिवस मासे छान खेळत होते. मग खाणे कमी झाले, मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करू लागले आणि पंधरवड्यात निम्मे गेले. दोष विक्रेत्याला दिला जातो, नाहीतर खाद्याला. बहुतेक वेळा खरे कारण एवढेच असते, की टाकीबरोबर फिल्टरही नवा होता.

मोठ्या टाकीत आपण सहसा प्रजननाचे मासे हलवतो. एंजलची जोडी तयार व्हायला आठ-दहा महिने लागतात. त्यामुळे इथे झालेली चूक वर्षभराच्या उत्पन्नावर येते.

नव्या टाकीत काय कमी असते?

मासे कल्ल्यांवाटे सतत अमोनिया बाहेर टाकतात. उरलेले खाद्य आणि विष्ठा कुजूनही अमोनिया तयार होतो. जुन्या टाकीत जिवाणूंचे दोन गट काम करत असतात. पहिला गट अमोनियाचे नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचे नायट्रेट करतो. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही विषारी आहेत. नायट्रेट त्या मानाने सौम्य असते आणि पाणी बदलले की कमी होते. शेतात युरिया टाकल्यानंतर जमिनीत त्याचे नायट्रेट होते, तेही अशाच जिवाणूंमुळे. टाकीतला फिल्टर म्हणजे या अर्थाने सुपीक मातीच आहे.

हे जिवाणू स्पंज, वाळू, काच अशा पृष्ठभागांना चिकटून राहतात. मोकळ्या पाण्यात ते फारच थोडे असतात. म्हणून ‘जुन्या टाकीतले दोन बादल्या पाणी टाकले, आता टाकी तयार’ ही समजूत चुकीची आहे. जुन्या पाण्याने माशांना सामूचा धक्का कमी बसतो, पण अमोनियाचा प्रश्न सुटत नाही. २५ ते २८ अंश सेल्सिअस तापमानाला जिवाणूंची पुरेशी वाढ होण्यास साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. थंडीत याहून जास्त.

अमोनिया किती घातक ठरेल हे सामूवर अवलंबून असते. २५ अंशाला सामू ७ असेल तर एकूण अमोनियापैकी अर्धा-पाऊण टक्काच विषारी स्वरूपात असतो. सामू ८ झाला की हा वाटा सुमारे ५ टक्के होतो आणि ९ ला ३५ टक्क्यांच्या आसपास जातो. आपल्याकडे अनेक बोअरवेलच्या पाण्याचा सामू ८ च्या पुढे असतो, हे लक्षात घ्या.

टाकी बसवणे

३ फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टाकीत सुमारे १९० लिटर पाणी मावते. म्हणजे वाळू आणि काच धरून दोनशे किलोंहून अधिक वजन एका जागी येते. स्टँड लेव्हल ट्यूबने तपासावा आणि टाकीखाली थर्माकोलची शीट घालावी. एक कोपरा जरी उचललेला राहिला तरी काच तडकते. जागा थेट उन्हाची नसावी.

गळती दुरुस्त करायची असेल तर मत्स्यटाकीसाठीचेच सिलिकॉन वापरावे. बाथरूमसाठी मिळणाऱ्या सिलिकॉनमध्ये बुरशीनाशक असते, ते माशांना मारते. जोड पूर्ण सुकून व्हिनेगरसारखा वास गेल्यावरच पाणी भरावे आणि २४ तास गळती पाहावी. टाकी धुताना साबण किंवा डिटर्जंट वापरू नये; मीठ आणि पाणी पुरते.

वाळूच्या चमचाभर नमुन्यावर व्हिनेगर टाकून पाहा. बुडबुडे आले तर तिच्यात चुनखडी किंवा शिंपल्यांचा चुरा आहे आणि ती सामू वाढवेल. मॉली, गप्पीला तसे पाणी चालते. टेट्रा, एंजलसाठी ती वाळू टाळा.

सिमेंटची नवी टाकी असेल तर घाई अजिबात नको. ताज्या सिमेंटमधून चुना सुटतो आणि पाण्याचा सामू १० च्याही वर जातो. टाकी भरून चार-पाच दिवस ठेवावी, पाणी काढून घासावी, पुन्हा भरावी, असे किमान दोन-तीन आठवडे करावे. केळीच्या खोडाचे तुकडे टाकून ठेवण्याची पद्धतही बऱ्याच ठिकाणी आहे. तसे केल्यास ते कुजलेले पाणी पूर्ण काढून टाकी धुवावी. शेवटचे पाणी दोन दिवस ठेवूनही सामू ८.५ च्या खाली राहिला, तरच पुढे जा.

पाणी

नळाच्या पाण्यातील क्लोरीन कल्ले जाळते आणि फिल्टरमधले जिवाणूही मारते. पाणी उघड्या टाकीत हवा देऊन २४ तास ठेवल्यास साधे क्लोरीन निघून जाते. वेळ नसेल तर सोडियम थायोसल्फेट वापरावे. दुकानात ‘अँटीक्लोरीन’ म्हणून मिळते ते बहुधा हेच. १०० लिटर पाण्यातील १ पीपीएम क्लोरीनसाठी खडे स्वरूपातील सुमारे ०.७ ग्रॅम लागते. पावसाळ्यात ग्रामपंचायत टीसीएल पावडरचे प्रमाण वाढवते; त्या दिवसांत वास नीट घेऊन पाहावा आणि शंका असेल तर एक दिवस जास्त थांबावे.

बोअरवेलच्या पाण्यात क्लोरीन नसते, पण विद्राव्य प्राणवायू कमी आणि कार्बन डायऑक्साइड जास्त असतो. तेही २४ तास हवा देऊनच वापरावे. सामू हवा दिल्यानंतर मोजावा. पंपातून काढल्याबरोबर मोजलेला सामू खोटा कमी दिसतो.

फिल्टर आधी तयार करा

या लेखातील एवढा एकच भाग पाळला तरी बहुतेक नुकसान टळेल. नवीन टाकी घ्यायचे ठरवले त्याच दिवशी एक जादा स्पंज फिल्टर आणा आणि तो जुन्या, मासे असलेल्या टाकीत चालू करा. चार आठवडे तो तिथेच चालू द्या. टाकीची जागा, स्टँड, वाळू ही कामे होईपर्यंत हा स्पंज आपोआप तयार होतो. मासे हलवताना तो त्यांच्याबरोबर जातो. खर्च फक्त एका स्पंजचा.

एवढा अवधी नसेल तर जुन्या टाकीत चालणारा फिल्टर जसाच्या तसा नव्या टाकीत न्या आणि नवा स्पंज शेजारी लावा. जुना स्पंज पुढे किमान महिनाभर काढू नये. तो फारच गाळाने भरला असेल तर बादलीत घेतलेल्या टाकीच्याच पाण्यात दोन-तीनदा पिळावा. नळाखाली धुतला की जिवाणू गेले. स्पंज उन्हात वाळवणे, पोटॅशियम परमँगनेटमध्ये बुडवणे हेही तसेच. हलवताना तो ओला ठेवावा आणि तासाभरात पुन्हा चालू करावा. वीज जाणाऱ्या गावांत एअर पंप इन्व्हर्टरवर असावा किंवा बॅटरीचा पंप हाताशी असावा. हवा बराच वेळ बंद राहिली तर गच्च भरलेल्या स्पंजमधला प्राणवायू संपून जिवाणू मरू लागतात.

ज्या टाकीत मासे आजारी आहेत तिथला स्पंज मात्र नेऊ नका. जिवाणूंबरोबर रोगही जातो.

जुना फिल्टर मिळण्याची सोयच नसेल तर मासे न सोडता टाकी तयार करावी. रिकाम्या टाकीत रोज चिमूटभर खाद्य टाकून अमोनिया व नायट्राइट तपासत राहावे. दोन्ही वर चढून परत शून्यावर आले आणि नायट्रेट दिसू लागले, की टाकी मासे घेण्यास तयार झाली. याला महिना-दीड महिना लागतो.

मासे हलवण्याचा दिवस

जुन्या टाकीचे पाणी अनेक महिने फारसे बदललेले नसेल तर तिचा सामू उतरलेला असतो, कारण नायट्रेट तयार होताना पाण्याची आल्कधर्मता खर्च होते. अशा सामू ६.५ च्या पाण्यातून मासा एकदम सामू ८ च्या पाण्यात गेला तर तो धक्का सहन करू शकत नाही. म्हणून आधीचा आठवडाभर जुन्या टाकीतले १० ते १५ टक्के पाणी रोज बदलून तिथेच नव्या पाण्याची सवय लावावी. हे काम कंटाळवाणे आहे, पण पिशवी अर्धा तास तरंगवण्यापेक्षा याचा उपयोग कितीतरी जास्त होतो.

आदल्या दिवशी खाद्य बंद ठेवावे. पोट फुगलेल्या, पिले देण्याच्या बेतात असलेल्या गप्पी-मॉलीच्या माद्या त्या दिवशी हलवू नयेत; अपुऱ्या वाढीची पिले पडतात. सकाळी लवकर काम सुरू करावे. जुन्या टाकीतले वरचे पाणी आधी झाकणाच्या बादल्यांत काढावे आणि पातळी एक तृतीयांशावर आल्यावर मासे धरावेत. मग पाठलाग करावा लागत नाही आणि खवलेही निघत नाहीत. फुगीर शरीराचे गोल्डफिश जाळीपेक्षा वाडग्यात धरावेत. तळाचा गाळ या वेळी ढवळू नये. पाण्यासकट काचेची टाकी उचलण्याचा मोह अनेकांना होतो. जोड उघडण्याचे हेच सर्वांत मोठे कारण आहे.

दोन्ही पाण्यांच्या तापमानात २ अंशांपेक्षा जास्त फरक नसावा. बादलीत नव्या टाकीचे पाणी मगाने थोडे थोडे घालत अर्ध्या-पाऊण तासाने मासे सोडावेत आणि पहिला दिवस दिवा बंद ठेवावा. लांबून पिशवीत आलेल्या माशांना मात्र हा नियम लागू नाही. पिशवीत साठलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे सामू खाली असतो आणि अमोनिया निरुपद्रवी राहतो. पिशवी उघडताच कार्बन डायऑक्साइड निघून सामू चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. म्हणून पिशवी बंद ठेवून १५-२० मिनिटे तरंगवावी, उघडल्यावर रेंगाळू नये आणि पिशवीतले पाणी टाकीत ओतू नये.

पहिले सहा आठवडे

खाद्य नेहमीच्या निम्मे द्यावे. पहिले दोन आठवडे अमोनिया व नायट्राइट एक दिवसाआड तपासावे. किट शेड चालवणाऱ्याकडे असायलाच हवे. मेलेल्या एका एंजल जोडीपेक्षा ते स्वस्त पडते. अमोनिया किंवा नायट्राइट ०.५ पीपीएमच्या वर गेले तर २५ टक्के पाणी बदलावे, गरज पडल्यास रोज. सामू ८ च्या वर असेल तर अमोनियासाठी ०.२५ पीपीएमलाच हालचाल करावी.

मासे वर येऊन धापा टाकतात आणि कल्ले तपकिरी दिसतात, तेव्हा नायट्राइटचा संशय घ्यावा. पाणी बदलण्याबरोबर लिटरला १ ग्रॅम खडेमीठ विरघळवून घातल्यास मिठातील क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. खडेमीठ नसेल तर थांबू नका, आयोडीनयुक्त मीठही चालते.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाणी दुधाळ झाले तर घाबरून सगळे पाणी काढू नये. ते दोन-चार दिवसांत निवळते. प्रतिजैविक किंवा मिथिलिन ब्लू ‘खबरदारी म्हणून’ टाकू नये; फिल्टरमधले जिवाणू त्यानेही मरतात. औषध द्यायचेच असेल तर मासा वेगळ्या भांड्यात घ्यावा.

जुनी टाकी लगेच धुऊन उपडी घालू नका. चार-पाच साधे मासे आणि एक स्पंज ठेवून ती महिनाभर चालू ठेवा. नव्या टाकीत काही बिघडले तर प्रजननाचे मासे परत आणायला तयार जागा असते, आणि पुढच्या टाकीचा स्पंजही तिथेच तयार होतो.