आपल्या लेकींची नावे आणि संतस्त्रिया

श्रींच्या मंदिराचा जीर्णोद्धार ग्रामस्थांच्या श्रमाने व देणगीदार बंधुभगिनींच्या उदार साहाय्याने होत आहे. त्या निमित्ताने निघणाऱ्या या स्मरणिकेत मंदिराविषयी पुष्कळ लिहिले जाईल व ते योग्यच आहे. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र जरा घरगुती आहे. बाळंतीण सव्वा महिन्याने बाळाला घेऊन प्रथम घराबाहेर पडते ती देवदर्शनासाठी, आणि देवापुढे बाळ ठेवताना पहिला प्रश्न निघतो तो नावाचा. मुलगी असेल तर तिला संतांच्या मेळ्यातील कोणते नाव द्यावे आणि त्या नावामागे काय इतिहास आहे, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

कनेरगाव नाका हे हिंगोली-वाशीम रस्त्यावरचे, मराठवाडा व विदर्भ यांच्या शिवेवरचे गाव. या गावाला संतस्त्रियांची नावे शोधायला पंढरपूरपर्यंत जावे लागत नाही. आपल्याच हिंगोली तालुक्यात कयाधूच्या परिसरात नर्सी हे संत नामदेवांचे जन्मगाव म्हणून परंपरेने पूजिले जाते. औंढ्याला नागनाथाचे क्षेत्र आहे व तेथेच नामदेवांना विसोबा खेचर हे गुरू भेटले अशी कथा आहे. शेजारच्या परभणी जिल्ह्यात गोदाकाठी गंगाखेड, ते जनाबाईचे गाव. शेगावची श्री गजानन महाराजांची पालखी पंढरीला जाताना नर्सी आणि गंगाखेड ही दोन्ही गावे घेते, म्हणजे नामदेव आणि जनी यांची गावे एकाच वारीच्या वाटेवर येतात.

नामदेवांचा जन्म शके ११९२, म्हणजे इ. स. १२७० चा. त्यांच्या घरातील स्त्रियांची नावे परंपरेने जपून ठेवली आहेत, ती एकदा मोठ्याने वाचून पाहावीत. आई गोणाई, बहीण आऊबाई, पत्नी राजाई, लेक लिंबाई, आणि चार सुना : लाडाई, गोडाई, येसाई, साखराई. यांत एकही नाव पोथीतून शोधून काढलेले वाटत नाही. लाड, गोड, साखर हे शब्द स्वयंपाकघरातले आणि अंगणातले. आईबापांनी कौतुकाने हाक मारली, तेच नाव झाले. पुढे त्या घरात भक्ती आली, अभंग आले, आणि ही साधी नावे आदराने घेतली जाऊ लागली. आज आपण संतांचे म्हणून जे नाव पवित्र मानतो, ते मुळात असेच चारचौघींसारखे होते, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

याच घरात जनी होती. गंगाखेडच्या दमा आणि करुंड यांची ही मुलगी लहानपणीच पंढरपुरी दामाशेटींच्या घरी आली व तेथेच दळणकांडण, शेणगोठा, पाणी भरणे अशी कामे करीत राहिली. तिच्या नावावर आज साडेतीनशेच्या आसपास अभंग आहेत. प्रत्येक अभंगाच्या शेवटी कवीचे नाव गुंफण्याची जी रीत आहे, तिला नाममुद्रा म्हणतात. जनीने ती सोडली नाही. तिने स्वतःला नामयाची दासी म्हटले हे सर्वांना ठाऊक आहे, पण त्या दासीपणाच्या शेजारी स्वतःचे नावही घातले, याकडे आपले लक्ष जात नाही. जात्यावर बसणाऱ्या किती स्त्रियांनी किती ओव्या रचल्या असतील, त्यांची गणती नाही, आणि त्यांतल्या बहुतेकींची नावे गेली. जनीचे राहिले, कारण ते तिने स्वतः ओळीत बसवले होते.

मुक्ताबाईची गोष्ट निराळी. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ता ही चार भावंडांची नावे क्रमाने वाचली तर परमार्थाच्या पायऱ्या लागतात, असे कीर्तनकार सांगतात व ते ऐकायला गोडच वाटते. जन्मशकाविषयी दोन परंपरा आहेत, एक शके ११९९ व दुसरी शके १२०१. कोणतीही धरली तरी मुक्ता नामदेवांपेक्षा सात ते नऊ वर्षांनी लहान. संतांच्या मेळाव्यात गोरोबाकाकांनी थापटण्याने एकेकाच्या डोक्यावर मारून मडकी पारखली आणि नामदेव कच्चे ठरले, ही कथा आपल्याकडे शेंबडे पोरही सांगते. त्या परीक्षेला निमित्त झाली ती मुक्ता. नामदेव रागावले, दुखावले, आणि शेवटी औंढ्याला विसोबांकडे गेले. म्हणजे आपल्या जिल्ह्याच्या थोर सुपुत्राला गुरूच्या दाराशी धाडण्यात एका लहान मुलीचा हात होता. ज्ञानदेव ताटी लावून बसले तेव्हा त्यांची समजूत घालणारीही तीच. शके १२१९ मध्ये तापीकाठी मेहूण येथे ती गुप्त झाली असे मानतात. जळगाव जिल्ह्यातील एदलाबाद हे गाव आज तिच्याच नावाने मुक्ताईनगर म्हणून ओळखले जाते.

इतर संतस्त्रियांच्या नावांचे नशीब सारखे नाही. मंगळवेढ्याच्या चोखोबांची पत्नी सोयराबाई आणि बहीण निर्मळा, दोघीही अभंगकर्त्या. निर्मळा हे नाव निर्मला होऊन घरोघर गेले, सोयरा मात्र पाळण्यात फारशी ऐकू येत नाही. जातीच्या भिंतीबाहेर उभे राहून तिने देहाच्या विटाळाविषयी जे प्रश्न विचारले ते आजही उत्तर मागतात. 'सोयरा' म्हणजे आपला, नात्यातला. असा सुंदर अर्थ असलेले नाव आपण का टाळतो, याचा ज्याने त्याने विचार करावा. मंगळवेढ्याचीच कान्होपात्रा. गणिकेची लेक म्हणून तिचे नाव मुलीला ठेवण्यास लोक कचरतात, आणि पंढरपुरात विठ्ठलाच्या आवारातील तिच्या स्थानापुढे मात्र हात जोडतात. बहिणाबाई (१६२८ ते १७००) ही आपल्या मराठवाड्याचीच, देवगावची. तुकोबांचा गुरू म्हणून स्वीकार केल्याबद्दल तिने नवऱ्याचा मार सोसला व आपले चरित्र अभंगांतून आपणच सांगितले. आपल्या शिवेपलीकडे विदर्भात महानुभाव पंथाची परंपरा मोठी. तेथे महदाइसा, हिराइसा अशी आदराची नावे भेटतात, आणि महदाइसेने ऋद्धिपूरला गायिलेले धवळे आद्य मराठी कवयित्रीची रचना म्हणून मानले जातात.

आता बारशाकडे वळू. बाराव्या दिवशी पाळणा सजतो, आत्या बाळाच्या कानात कुर्र करून नाव सांगते व बाकीच्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात. सटवाई कपाळावर काय लिहून गेली ते कोणालाच वाचता येत नाही, आत्याचे सांगणे मात्र सर्वांना ऐकू येते. पंचांग पाहणारे नक्षत्राच्या चरणावरून अक्षर काढून देतात. मघाच्या तिसऱ्या चरणाला 'मू' येतो, तेथे मुक्ता सहज बसते. उत्तराषाढाला 'जा' व 'जी' येतात, त्यावर जनाई ठेवणारे ठेवतात. अक्षर जुळले नाही तर पत्रिकेत एक व हाकेला दुसरे अशी दोन नावे ठेवण्याची सोय आपल्या पूर्वजांनी करून ठेवलेलीच आहे, तेव्हा अक्षरासाठी अडून बसू नये.

आजीचे नाव नातीला देण्याचीही चाल होती व त्यामुळे जनाबाई, सखुबाई, मुक्ताबाई ही नावे घराण्यात फिरत राहिली. यात एक गंमत होई. सुनेने सासूचे नाव घ्यायचे नाही असा दंडक, त्यामुळे आईला स्वतःच्या लेकीला नावाने हाक मारता येत नसे. मग 'बाई', 'ताई', 'आक्का' म्हणून काम भागवायचे.

गंमत येथे संपते. दोन-तीन मुलींनंतर पुन्हा मुलगी झाली की तिचे नाव नकोशी, नकुसा असे ठेवण्याची वाईट चाल महाराष्ट्रात होती. सातारा जिल्ह्यात २०११ साली अशा २८० हून अधिक मुलींना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली, तोवर त्या शाळेच्या हजेरीपटावर त्याच नावाने 'हजर' म्हणत होत्या. दुसरी चाल लग्नातली. ताटातल्या तांदळात अंगठीने नवे नाव लिहायचे आणि आत्याने कानात सांगितलेले नाव त्या दिवसापासून पुसायचे. ज्या बापाने हौसेने लेकीला मुक्ता म्हटले, त्याची मुक्ता सासरी दुसऱ्याच नावाने वावरते. प्रस्तुत लेखकाचे मत विचाराल तर संताचे नाव ठेवायचे आणि अठराव्या-विसाव्या वर्षी ते तांदळात बुडवायचे, हे बरे नव्हे. जनी दुसऱ्याच्या घरी राबली, पण जनीच राहिली. बहिणाबाई सासरी गेली, पण बहिणाच राहिली.

व्यवहाराची बाजूही सांगून ठेवतो. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानुसार जन्माची खबर २१ दिवसांच्या आत द्यावयाची असते. त्या वेळी नाव ठरले नसले तरी बिघडत नाही. नोंदणीपासून बारा महिन्यांच्या आत ते विनाशुल्क भरता येते, त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत शुल्क देऊन. तेव्हा बारशाचा पेढा वाटून झाला की ग्रामपंचायतीत जाऊन नाव नीट लिहून घ्यावे, 'बेबी' म्हणून सोडू नये. शिवाय १ मे २०२४ रोजी व त्यानंतर जन्मलेल्या बालकांच्या नावापुढे महाराष्ट्रात आधी आईचे व मग वडिलांचे नाव लिहावयाचे आहे. या रीतीने लिहायचे तर आळंदीची मुक्ताई 'मुक्ता रुक्मिणी विठ्ठल' होईल, आणि गंगाखेडची जनी 'जना करुंड दमा'.