दोन चाकांची वांटणी

गेल्या पावसाळ्यांत कोंकणांतील एका आडरस्त्यावर आमची मोटार तांबड्या चिखलांत रुतली. पुढचें डावें चाक चिखलांत होतें. उजवें मात्र टणक कातळावर होतें. एका चाकाला भक्कम आधार आहे, तेव्हां गाडी सहज निघेल असें मनांत आलें. पण इंजिनाचा जोर वाढवितांच डावें चाक गरगर फिरूं लागलें, चिखलाचे शिंतोडे उडाले, आणि उजवें चाक जागचें हललें नाहीं. जवळच्या वाडींतून चार माणसें धांवून आलीं. त्यांनीं चिखलांतल्या चाकाखालीं दगड आणि फांद्या घातल्या, थोडा हात लावला, आणि गाडी वर आली. त्यांच्यांतील एका वृद्ध गृहस्थांनीं निघतांना विचारलें, "ज्या चाकाला जमीन आहे, त्यालाच जोर कां देत नाहीं हो तुमचें इंजिन?"

प्रश्न साधा होता. पण त्याचें समाधानकारक उत्तर शोधण्यांत युरोप-अमेरिकेंतील यंत्रज्ञांच्या कित्येक पिढ्या खर्ची पडल्या आहेत. त्या उत्तराचा इतिहास आज आपल्यापुढें थोडक्यांत मांडावयाचा आहे.

देवळाला प्रदक्षिणा घालणारीं दोन माणसें शेजारीं शेजारीं चाललीं, तर भिंतीलगतच्या माणसाला थोडें चालावें लागतें आणि बाहेरच्याला अधिक. मोटार वळते तेव्हां तिच्या चाकांची हीच स्थिति होते. दोन चाकांमधील अंतर दीड मीटर धरलें, तर एका पूर्ण फेरींत बाहेरील चाकाला आंतल्या चाकापेक्षां सुमारें साडेनऊ मीटर अधिक वाट तुडवावी लागते; आणि नवल असें कीं, वर्तुळ लहान असो कीं मोठें, हा फरक तेवढाच राहतो. आपल्या बैलगाडीला ही अडचण कधीं भासली नाहीं. तिचीं चाकें आंसावर निरनिराळीं फिरतात. ओढण्याचें काम बैलांचें, चाकांनीं केवळ मागून यावयाचें. ओढण्याचें काम चाकांवरच सोंपविलें, तेव्हां अडचण उभी राहिली. दोन्ही चाकें एकाच दांड्याला घट्ट बांधलीं तर वळणावर एकाला घसटत जावें लागतें. एकच चाक इंजिनाला जोडलें तर सारा भार त्या एकट्यावर पडतो.

यांतून मार्ग काढला तो एका फ्रेंच घड्याळजीनें. ओनेसिफोर पेकेर हें त्याचें नांव. सन १८२७ च्या सुमारास त्यानें वाफेच्या गाडीसाठीं दंतचक्रांची एक जोडणी योजिली. तींत इंजिनाचा जोर दोन्ही चाकांना मिळे, पण एक चाक मंद फिरलें तर तितक्याच प्रमाणांत दुसरें जलद फिरे. पुढें पन्नास वर्षांनीं, १८७७ सालीं, इंग्लंडांत कॉव्हेंट्री येथील जेम्स स्टार्ली यानें हीच कल्पना पायानें चालविण्याच्या गाडीला लावली. असें सांगतात कीं, तो व त्याचा मुलगा शेजारीं बसून एक गाडी चालवीत होते; प्रत्येकाच्या पायाखालीं आपापल्या बाजूचें चाक होतें. मुलगा बापापेक्षां जोरकस. त्यामुळें गाडी एका अंगास वळत वळत रस्त्याबाहेर गेली. दोघांचा जोर एकत्र करून तो सारखा वांटला पाहिजे, हें स्टार्लीच्या ध्यानीं आलें. १८८५ सालीं कार्ल बेन्झ यानें आपली तीनचाकी मोटार सिद्ध केली, तेव्हां तिच्यांतही ही योजना होती. तीच आजची डिफरन्शियल.

या यंत्राचा स्वभाव तराजूसारखा आहे. गति तें दोन्ही चाकांना वेगवेगळी देतें, पण जोर मात्र नेहमीं सारखा. आणि येथेंच आमच्या फजितीचें मूळ आहे. समजा, चिखलांतील चाक वीस किलोंच्या ओढीपर्यंतच जमिनीला धरून राहूं शकतें आणि कातळावरचें चाक दोनशें किलोंपर्यंत. चिखलांतील चाक विसावर सुटतें. म्हणून तराजूच्या न्यायानें कातळावरच्या चाकालाही वीसच मिळतात. एकूण ओढ चाळीस. कातळाची बाकीची सारी शक्ति वायां जाते.

प्रारंभींच्या मोटारी अल्पशक्तीच्या होत्या, तोंवर हा दोष क्वचितच जाणवे. इंजिनें बलवान् झालीं तेव्हां तो उघडा पडला. १९३४ पासून ग्रांप्री शर्यतींत धांवूं लागलेल्या ऑटो युनियनच्या मोटारी फर्डिनांड पोर्शे यांनीं आंखल्या होत्या. सोळा सिलिंडरांचें इंजिन, आणि गाडीचें वजन नियमानें साडेसातशें किलोंच्या आंत. एवढा जोर त्या हलक्या गाडीच्या मागच्या चाकांवर आला कीं, वळणावर उचललें जाणारें आंतील चाक फिरकी घेई. १९३५ सालीं पोर्शे यांनीं झेड-एफ या जर्मन कारखान्याकडून निराळी डिफरन्शियल करवून घेतली. ती दोन चाकांच्या गतींतील फरकाला थोडा अडथळा करी. एक चाक फार पुढें धांवूं लागलें तर घर्षणानें त्याला आवरून उरलेला जोर दुसऱ्याकडे वळवी. हीच लिमिटेड-स्लिप, म्हणजे मर्यादित घसरीची, डिफरन्शियल. पुढें १९५६ मध्यें अमेरिकेंतील पॅकार्ड मोटारींत अशी योजना मिळूं लागली, आणि शर्यतीच्या मैदानावरील ही युक्ति घरगुती मोटारींत आली.

येथवरची कथा मागच्या चाकांची झाली. तोंवर बहुतेक मोटारींत मागचीं चाकें गाडी ढकलीत आणि पुढचीं तिला दिशा दाखवीत. १९३४ सालीं सित्रोएनची 'त्राक्सियों आव्हां' निघाली. पुढच्या चाकांनीं ओढली जाणारी मोटार मोठ्या संख्येनें घरोघर नेली ती तिनें. १९५९ मध्यें अॅलेक इस्सिगॉनिस यांनीं आंखलेली 'मिनी' आली. इंजिन आडवें ठेवून त्यांनीं केवळ दहा फूट लांबीच्या गाडींत चार माणसांची सोय केली. आपल्या देशांत डिसेंबर १९८३ पासून मारुति ८०० रस्त्यावर आली आणि हीच मांडणी येथें रूढ झाली. अँबॅसडर आणि पद्मिनी या त्यापूर्वींच्या परिचित मोटारी मागच्या चाकांवर चालत. कोंकणांत आमचें पुढचें चाक फिरलें तें या मांडणीमुळेंच.

आतां पुढच्या चाकांवर दोन कामें आलीं: ओढणें आणि वळणें. मग मर्यादित घसरीची डिफरन्शियल पुढें बसविली तर काय होतें? चाक वळतें तें एका अक्षाभोंवतीं. तो अक्ष आणि चाकाचा मध्य, या दोहोंत थोडें अंतर असतें. त्यामुळें चाकाची प्रत्येक ओढ स्टिअरिंगला एका बाजूस फिरवूं पाहते. दोन्ही चाकांची ओढ सारखी असली कीं डावीकडची ओढ उजवीकडचीला रद्द करते आणि चालकाच्या हाताला कांहीं कळत नाहीं. म्हणजे साध्या डिफरन्शियलच्या ज्या समान वांटणीनें आमची गाडी चिखलांत अडकविली, तीच समान वांटणी रोजच्या प्रवासांत स्टिअरिंग शांत ठेवीत होती! ती मोडून एका चाकाला वीस आणि दुसऱ्याला सत्तर किलोंचा जोर दिला, तर मधला पन्नासांचा फरक सरळ चालकाच्या मनगटांत येतो. पावसानें एका बाजूस ओला झालेला रस्ता असेल, तर गाडी अकस्मात् एका अंगास ओढ घेते.

तरीही शर्यतीच्या मिनींत व तिच्यामागून आलेल्या तशा मोटारींत ही योजना बसविली गेली, कारण लाभही तितकाच मोठा होता. वळणावर जोर देतांच पुढचें आंतील चाक हलकें होऊन फिरूं लागतें आणि गाडीचें तोंड बाहेर जाऊं लागतें. अशा वेळीं जोर बाहेरील चाकाकडे गेला, तर तेंच चाक गाडीला वळणाच्या आंत खेंचून घेतें. शर्यतींतील चालक दोन्ही हातांनीं स्टिअरिंग आवळून हा लाभ उठवी. पण बाजारहाट करून परत येणाऱ्या गृहस्थाला तें मानवणारें नव्हतें.

मध्यममार्ग निघाला तो दंतचक्रांतूनच. १९५८ मध्यें व्हर्नन ग्लीझमन या अमेरिकन संशोधकानें, आवळलेल्या तबकड्यांच्या ऐवजीं मळसूत्री दांत्यांचीं चक्रें वापरणारी रचना शोधून काढली. पुढें ती 'टॉर्सेन' या नांवानें प्रसिद्ध झाली. जोर वाढला कीं हीं चक्रें एकमेकांवर व कवचावर दाबलीं जातात आणि त्या घर्षणानें आधार असलेल्या चाकाला अधिक वांटा मिळतो. जोर काढून घेतांच हात लागलीच मोकळा होतो. हा वांटा अमर्याद नसतो. तो तिप्पट असेल असें धरलें, तर आमच्या उदाहरणांत चिखलाला वीस आणि कातळाला साठ, एकूण ऐंशी. पण एक चाक अधांतरीं उचललें गेलें, तर शून्याची तिप्पट शून्यच, आणि ही युक्ति थिटी पडते. १९९५ मध्यें होंडाच्या 'इंटेग्रा टाइप आर'मध्यें मळसूत्री चक्रांचीच डिफरन्शियल होती, आणि २००२ च्या फोर्ड 'फोकस आर-एस'मध्यें इंग्लंडच्या क्वेफ कारखान्याची त्याच जातीची. फोकसची वळणावरील पकड परीक्षकांनीं वाखाणली. पण उंचसखल रस्त्यावर स्टिअरिंग हातांत ओढाताण करतें, अशी तक्रारही केली. २००९ सालीं तिची सुमारें तीनशें अश्वशक्तीची दुसरी आवृत्ति निघाली. तेव्हां यंत्रज्ञांनीं डिफरन्शियल तीच ठेवून चाकाची टांगणी बदलली, आणि चाकाचा मध्य व वळण्याचा अक्ष यांतील अंतर कमी केलें. म्हणजे औषध तेंच. पथ्य मात्र नवें. २०१६ मध्यें आलेली तिसरी आवृत्ति चारही चाकांवर चालणारी निघाली. साध्या मोटारींत मात्र निराळाच उपाय रूढ झाला आहे: फिरणाऱ्या चाकालाच यंत्र आपोआप ब्रेक लावतें, आणि त्या ब्रेकाच्या विरोधाइतका जोर दुसऱ्या चाकाला मिळतो.

ही डिफरन्शियल आपल्या मोटारींत मागाहून बसवून घेणारे हौशी लोकही आहेत. त्यांच्यासाठीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. पुढच्या चाकांच्या मोटारींत डिफरन्शियल बहुधा गिअरबॉक्सच्याच पोटांत असते. म्हणून ड्राइव्ह शाफ्ट काढून गिअरबॉक्स खालीं उतरवावा लागतो व उघडावा लागतो. मोठें दंतचक्र जुन्या कवचावरून नव्यावर चढवावयाचें असतें. फोक्सवागेन गोल्फच्या जुन्या गिअरबॉक्सांत तें रिव्हेटांनीं बसविलेलें असे, तेव्हां रिव्हेट पोखरून काढून तेथें बोल्ट घालावे लागत. मग पातळ चकत्या घालून बेअरिंगांवरील दाब नेमका साधावा लागतो. तबकड्यांच्या जातीला विशिष्ट तेल लागतें, आणि तिच्या तबकड्या झिजल्या कीं बदलाव्या लागतात. दंतचक्रांची जात बहुधा गिअरबॉक्सच्या नेहमींच्या तेलावर निभावते. मिनीमध्यें तर इंजिन, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल यांना एकच तेल असल्यामुळें तबकड्यांची धूळ थेट इंजिनांत जाण्याची धास्ती असे.

सर्वांत महत्त्वाची सूचना जिवाशीं संबद्ध आहे. साध्या डिफरन्शियलच्या मोटारीचें एकच पुढचें चाक जॅकवर उचलून, इंजिन चालूं ठेवून, गिअर टाकण्याची कांहीं कारागिरांना संवय असते. तेव्हां अधांतरीचें चाक फिरतें आणि जमिनीवरचें स्वस्थ राहतें. पण तबकड्या आंत आवळलेल्या असल्या, तर जमिनीवरच्या चाकालाही जोर मिळतो, आणि मोटार जॅकवरून उडी घेऊन समोरच्या माणसाच्या अंगावर जाते. म्हणून अशा गाडीचीं दोन्ही चाकें भक्कम घोड्यांवर उचलल्याखेरीज गिअर टाकूं नये; आणि गाडी दुसऱ्याच्या हातीं देतांना तिच्या पोटांत काय आहे हें आधीं सांगावें. बाहेरून पाहून तें कोणालाही ओळखतां यावयाचें नाहीं.

आतां त्या वृद्ध गृहस्थांच्या प्रश्नाकडे येऊं. ज्या चाकाला जमीन आहे, त्याला इंजिन जोर देऊं शकतें. पण त्यासाठीं सारखी वांटणी सोडावी लागते, आणि ती किती सोडावयाची याचा हिशेब स्टिअरिंगवरील हाताला विचारून करावा लागतो. आमच्यासारख्या कुटुंबाच्या संथ मोटारीला हा खटाटोप करावा असें मला वाटलें नाहीं. शिवाय त्या दिवशीं त्या मंडळींनीं जें केलें, तें यंत्रशास्त्राच्या दृष्टीनें अगदीं बिनचूक होतें. दगड आणि फांद्या घालून त्यांनीं दुबळ्या चाकाचा आधार समजा विसाचा साठ केला. तराजूच्या न्यायानें कातळावरच्या चाकालाही साठ मिळाले. एकूण ओढ चाळिसाची एकशेंवीस झाली, आणि गाडी निघाली. प्रश्न विचारणाऱ्या त्या गृहस्थांनीं उत्तर आधींच चाकाखालीं घातलें होतें. तें ओळखावयाला मला घरीं येऊन कागद-पेन्सिल घ्यावी लागली.