साठवलेल्या विजेचे मोल



दादरहून लोअर परळकडे जाणाऱ्या सेनापती बापट मार्गावरून आपण नित्य ये-जा करतो. जुनी माणसे त्याला अजून तुळशी पाइप रोड म्हणतात. परंतु या नव्या नावाचा गिरणगावच्या विजेशी काय संबंध आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

सह्याद्रीवर पाऊस चार महिने कोसळतो. गिरणीला वीज मात्र बारा महिने लागे. तेव्हा पाणी उंचावर अडवून ठेवणे म्हणजेच वीज साठवणे होय. जमशेटजी टाटांनी मनावर घेतलेली ही योजना त्यांच्या मागे, १९१५ साली, फळास आली. लोणावळ्याच्या बाजूच्या तलावांतले पाणी सुमारे १,७०० फूट खाली खोपोलीस उतरले आणि त्याची वीज मुंबईच्या गिरण्यांत खेळू लागली. त्या गिरण्यांवर आमच्या वाडवडिलांच्या चुली पेटल्या, हे मी कसे नाकारू?

पण पुढचा तलाव मुळशी पेट्यात बांधायचे ठरले. तेथे मावळ्यांची भातशेती होती, ५२ गावे होती. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीस, सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट ‘सेनापती’ झाले ते याच लढ्यात. माणसे तुरुंगात गेली. तरी धरण झाले, शेते बुडाली, आणि १९२७ मध्ये भिऱ्याचे वीजघर चालू झाले.

आज समुद्रात पवनचक्क्या उभारण्याच्या योजना आहेत. वारा काही घड्याळ पाहून वाहत नाही. म्हणून पुन्हा साठवणीचा प्रश्न आला. जास्तीच्या विजेने पाणी वर चढवायचे आणि गरजेच्या वेळी खाली सोडायचे, असा १५० मेगावॅटचा संच भिऱ्यास आहेच. त्यात १०० युनिट घालावे तर ७५ ते ८० परत मिळतात. शिरवटा आणि भिवपुरी येथे मिळून २,८०० मेगावॅटच्या अशा प्रकल्पांसाठी टाटा पॉवरने २०२३ साली राज्य सरकारशी सामंजस्य करार केला. अंदाजी खर्च सुमारे १३,००० कोटी रुपये.

वेतनाच्या वाटाघाटी करता करता मी एक गोष्ट शिकलो. मालकाच्या ताळेबंदात जो खर्च दिसत नाही, तो कोणी तरी आपल्या खिशातून भरलेला असतो. मुळशीचा खर्च मावळ्यांनी भरला, आणि उजेड आपल्याला मिळाला. नव्या साठवणीचा हिशेब मांडताना ज्याची जमीन जाईल त्याची ओळ आधी लिहिली जावी, हा आग्रह आपण मुंबईकरांनी धरला पाहिजे. नाही तर सेनापतींचे नाव रस्त्याच्या पाटीवरच राहील.