ऑलिव्हर लाउरी

ऑलिव्हर हाउ लाउरी (१८ जुलै, १९१० – २९ जून, १९९६) हे अमेरिकन जीवरसायनशास्त्रज्ञ होते. १९४७ मध्ये ते सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात औषधशास्त्र विभागाचे प्रमुख झाले. प्रथिनमापनावरील त्यांचा शोधनिबंध हा वैज्ञानिक साहित्यात सर्वाधिक उद्धृत झालेला निबंध म्हणून ओळखला जातो.

१९५१चा शोधनिबंध

लाउरी, रोझब्रो, फार व रँडल यांचा हा निबंध ‘जर्नल ऑफ बायॉलॉजिकल केमिस्ट्री’मध्ये प्रसिद्ध झाला. अल्कधर्मी द्रावणात प्रथिनाशी तांब्याचे आयन जोडले जातात. नंतर फोलिन अभिकर्मक मिसळल्यास निळा रंग येतो. त्या रंगाच्या तीव्रतेवरून प्रथिनाचे प्रमाण ठरवता येते.

उद्धरणे

‘नेचर’ने २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या यादीत हा निबंध ३,०५,१४८ उद्धरणांसह पहिला होता. दुसऱ्या व तिसऱ्या क्रमांकांवर अनुक्रमे लेमली (१९७०) व ब्रॅडफोर्ड (१९७६) यांचे निबंध होते. तेही प्रथिनांच्या प्रयोगपद्धतींवरचेच. डीएनएची दुहेरी सर्पिल रचना मांडणारा १९५३चा निबंध मात्र पहिल्या शंभरात नव्हता. उद्धरणसंख्येतून पद्धतीचा वापर किती झाला हे कळते. शोधाची थोरवी त्यावरून ठरत नाही. स्वतः लाउरीही या निबंधाला आपले श्रेष्ठ कार्य मानत नसत.

अन्य संशोधन

एकेका चेतापेशीतील विकरांचे मापन करणाऱ्या सूक्ष्म पद्धती त्यांनी विकसित केल्या. जेनेट पॅसोन्यू यांच्यासह त्यांनी विकर-विश्लेषणावर ग्रंथही लिहिला (१९७२).