‘पानी’ आणि न्यायालय

‘पानी’ म्हणालो की गुरुजी वर्गात उभे करून ‘ण’ घोटून घेत. जीभ जड, म्हणून डोकेही जड, असा त्यांचा निकाल! हा शिक्का केवळ आपल्याकडचा नव्हे. अमेरिकेत मिशिगन राज्यातील ॲन आर्बर येथे गरीब कृष्णवर्णीय मुले घरची बोली बोलत. कुणी ‘शिकण्यास अक्षम’ ठरले, कुणाला वाचादोषाच्या उपचाराला धाडले. १९७७ साली त्यांच्या आयांनी दावा लावला. गरिबीचे मुद्दे न्यायालयाने आधीच वगळले. १९७४ च्या समान शैक्षणिक संधी कायद्यातील भाषेचे कलम तेवढे उरले. १२ जुलै १९७९ रोजी न्यायमूर्ती चार्ल्स जॉइनर यांनी दोष शाळेकडे वळवला: शिक्षक ही बोली जमेस धरत नाहीत, म्हणून भिंत उभी राहते, शिक्षकांनाच ती ओळखायला शिकवा, योजना तीस दिवसांत द्या. गरिबीची फिर्याद मात्र ऐकायचीच राहिली.