जेवण नको, पाणी चालेल

साहेबांच्या सहीने जाणारी पत्रे लिहिण्यात माझी वीस वर्षे गेली. त्यामुळे असेल, पण मेल व्हाइट या अमेरिकन लेखकाविषयी मला फार कुतूहल. पुस्तकावर नाव दुसऱ्याचे, लेखणी यांची. प्रसिद्ध धर्मोपदेशक जेरी फॉलवेल यांचे १९८७ चे आत्मचरित्र यांनीच लिहून दिलेले. बिली ग्रॅहम, पॅट रॉबर्टसन यांच्यासाठीही त्यांनी असेच लिहिले.

आपल्या गोव्यात ख्रिस्ती म्हटले की कॅथलिक, इगर्ज आणि पाद्रीबाब आठवतात. ही मंडळी वेगळी. इव्हँजेलिकलांना पोप नाही. बायबलचा शब्द अखेरचा. त्यातल्या काही वचनांवरून समलिंगी संबंध हे पाप ठरवलेले. फॉलवेल तर टीव्हीवरून समलिंगींवर आग ओकत. आणि त्यांचे चरित्र लिहिणारा स्वतःच समलिंगी!

व्हाइट यांनी काय करून पाहिले नाही? प्रार्थना, मानसोपचार, विजेचे झटके, भूत उतरवणेसुद्धा. लग्न केले, मुले झाली. आत काही बदलले नाही. १९९३ साली त्यांनी ते जाहीर केले. पुढच्या वर्षी त्यांचे स्वतःचे आत्मचरित्र आले. त्याची प्रस्तावना घटस्फोटित पत्नी लायला यांनी लिहिली आहे, हे मला विशेष वाटते.

दुसरा कोणी धर्म सोडून मोकळा झाला असता. व्हाइट बायबलच उघडून वाद घालू लागले. सदोम नगराचा नाश समलिंगींमुळे झाला म्हणता ना? मग यहेज्केलच्या पुस्तकात त्या नगराचे पाप गर्व आणि गरिबांकडे पाठ फिरवणे असे का सांगितले आहे?

जोडीदार गॅरी निक्सन यांच्यासह त्यांनी 'सोलफोर्स' ही संघटना काढली. गांधीजी 'सत्याग्रहा'साठी इंग्रजीत वापरत तोच हा शब्द. अठरा जून पाळणाऱ्या आपल्यासारख्यांना तो समजावून सांगायला नको.

ऑक्टोबर १९९९ मध्ये व्हर्जिनियातील लिंचबर्गला, फॉलवेल यांच्या गावी, दोन्ही बाजूंचे सुमारे दोनशे-दोनशे लोक समोरासमोर बसले. आधी एकत्र जेवण ठरले होते. पण पाप्यांबरोबर जेवू नये असे बायबल सांगते, अशी कुरकुर फॉलवेल यांच्या बाजूने झाली, आणि टेबलावर फक्त पाण्याच्या बाटल्या आल्या. पंक्तिभेद आपल्याला काय नवा? निदान पाणी तरी चालले, आपल्याकडे तेही चालत नसे.

भाषा सौम्य करू, असे फॉलवेल तेव्हा म्हणाले. पाप ते पापच, हे मात्र सोडले नाही. पुढे सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर त्यांनी ज्यांना दोष दिला त्यांत समलिंगीही होते. त्याबद्दल नंतर माफी मागावी लागली.

२००२ साली व्हाइट आणि निक्सन फॉलवेल यांच्या चर्चसमोरच राहायला आले. रविवारी उपासनेला जाऊन बसत. प्रवचनात समलिंगींविरुद्ध काही आले, की दोघे उठून मुकाट्याने उभे राहत.